बाईंची वही : सात गोळ्यांचा माग

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पहाटे बाई तुळशीकडे दिवा लावायला गेल्या आणि वृंदावनाच्या पायरीशीच कोसळल्या. शुद्ध पूर्ण हरपली नव्हती, पण सून धावत आली तेव्हा त्यांना आजचा वार सांगता येईना. अर्ध्या तासात त्यांना माझ्या दवाखान्यात आणलं.

बाई म्हणजे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातल्या निवृत्त शिक्षिका. वय ६८. मराठी प्राथमिक शाळेत तीसेक वर्षं शिकवलं, त्यामुळे अख्खा गाव त्यांना ‘बाई’च म्हणतो आणि मीही तसंच म्हणते. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण सांगायचं आहे ते त्या क्रमाबद्दलच.

त्या सकाळी झोपलेल्या अवस्थेत प्रेशर १०४/६२ होतं, उभं केल्यावर ८२/५०. जीभ कोरडी. दोन दिवस जुलाब होत होते, त्यात सोमवारचा उपास. पण मला जास्त खटकली ती नाडी. मिनिटाला ५४. प्रेशर इतकं खाली आल्यावर माणसाचं हृदय धावायला लागतं, नाडी शंभरीच्या पुढे जाते. बाईंची नाडी उभं राहिल्यावरही ५६ च होती.

दुपारपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. सोडियम १२१ (ते १३५ ते १४५ असावं लागतं). पोटॅशियम ५.६, म्हणजे वरच्या मर्यादेच्या पुढे. मूत्रपिंड किती नीट गाळतं ते दाखवणारं क्रिएटिनिन २.३. हेच क्रिएटिनिन सहा महिन्यांपूर्वी ०.९ होतं. ईसीजीत ठोके संथ होते, पण अडथळा दिसला नाही. पोटॅशियम आणखी चढलं असतं किंवा ईसीजी बिघडला असता तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवावं लागलं असतं. ते टळलं. जवळच्या रुग्णालयात दाखल करून शिरेतून सलाईन सुरू झालं, तेही बेताने. घसरलेलं सोडियम घाईने वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत आठ अंकांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही असं ठरवून दर काही तासांनी तपासत राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते १२७ झालं आणि बाईंनी आपणहून विचारलं, “आज मंगळवार ना?”

सुनेने येताना प्लास्टिकच्या डब्यातून सगळी औषधं आणली होती. रोजच्या सात गोळ्या निघाल्या : अ‍ॅम्लोडिपीन १०, फ्युरोसेमाइड ४०, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची जोडगोळी, मेटोप्रोलॉल ५०, दुखण्यावरची डायक्लोफिनॅक, पित्ताची पँटोप्रेझोल आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन १०. डब्यात एक वहीही होती. दोनशे पानी, वर खाकी कव्हर. प्रेशरचा प्रत्येक आकडा, प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक तक्रार तारखेसकट लिहिलेली, अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल. त्या रात्री घरी बसून मी ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली.

वहीत काय होतं

सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतरच्या तपासणीत प्रेशर १६६/९८ निघालं. अ‍ॅम्लोडिपीन ५ सुरू झाली. महिन्याभरात १३८/८४. दोन वर्षं सगळं सुरळीत. मग प्रेशर पुन्हा दीडशेच्या वर दिसू लागलं आणि गोळी १० ची झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी बाईंनी लिहिलंय : “संध्याकाळी पाय सुजतात. चपलेचा पट्टा रुततो.”

पुढची चिठ्ठी माझी होती. सूज दिसली, लघवी होण्यासाठी फ्युरोसेमाइड ४० लिहून दिली. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती की नव्हती, मला आठवत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. सूज कधी सुरू झाली, हा प्रश्न मी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर त्या वहीत तीनच ओळी वर लिहिलेलं होतं.

सूज जराशी कमी झाली, गेली नाही. बाईंनी गुरुवारचं भजन सोडलं, कारण मध्येच उठून जावं लागायचं. पणजीला बसने जाणं बंद केलं. चार महिन्यांनी रात्री पोटऱ्यांत वांब यायला लागले आणि छातीत धडधड. त्या वेळच्या रिपोर्टात पोटॅशियम ३.२, म्हणजे कमी होतं, आकड्याखाली रेघ मारलेली. धडधडीसाठी दुसरीकडून मेटोप्रोलॉल आली. प्रेशर अजून हवं तसं नाही म्हणून रॅमिप्रिल आली. मग कोरडा खोकला. खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या, छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी. साडेचार महिन्यांनी कुणीतरी रॅमिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन दिली आणि आठ-दहा दिवसांत खोकला थांबला.

गेल्या वर्षी पायाचा अंगठा लाल होऊन ठणकायला लागला. युरिक अ‍ॅसिड ८.९, म्हणजे जास्तच. बाईंनी फार्मसीतून डायक्लोफिनॅक आणली, आधी तीन दिवस, मग पुन्हा दुखलं की पुन्हा. मे महिन्यापासून जवळजवळ रोज. पोटात जळजळ म्हणून पँटोप्रेझोल. जुलैमध्ये प्रेशर १५८/९२, म्हणून साध्या टेल्मिसार्टनच्या जागी क्लोरथॅलिडोन घातलेली गोळी.

पाच आठवड्यांनी त्या तुळशीपाशी पडल्या.

पहिली गोळी नेमकं काय करत होती

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं. अ‍ॅम्लोडिपीन ते कॅल्शियम पेशीत शिरण्याची दारं अडवते. स्नायू सैलावतो, धमनी रुंदावते, प्रेशर उतरतं. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, आणि मी आजही ते रोज लिहिते. पण ते रुंद करतं ते मुख्यतः रक्त आणणाऱ्या बाजूच्या बारीक धमन्यांना. रक्त परत नेणाऱ्या शिरा जवळपास तशाच राहतात.

बाईंना हे मी नंतर समजावलं तेव्हा त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्यांच्या माहेरी कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग होती. “म्हणजे वरचा पाट मोठा केला आणि खालची वाट तेवढीच ठेवली,” त्या म्हणाल्या. “मग माडाच्या आळ्यात पाणी तुंबणार आणि कडेने झिरपणारच.” अगदी तसंच. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. दिवसभर उभं राहिल्यावर ते घोट्याशी साठतं. ५ मिलिग्रॅमवर हे कमी जणांना होतं, १० वर बरंच जास्त.

इथेच फ्युरोसेमाइडची चूक आहे. हृदय थकल्यावर येणाऱ्या सुजेत अंगात पाणी आणि मीठ खरोखरच जास्त झालेलं असतं. तिथे हे औषध जीव वाचवतं. बाईंच्या अंगात जास्तीचं पाणी नव्हतंच. होतं तेच पाणी चुकीच्या जागी गेलं होतं. मूत्रपिंडाच्या नळ्यांतून मीठ परत रक्तात ओढलं जातं, ती ओढ फ्युरोसेमाइड थांबवते. मीठ लघवीतून जातं, त्यामागे पाणी जातं, पोटॅशियमही जातं. घोट्याची सूज तशीच आणि रक्तातला साठा मात्र आटत चाललेला. पोटऱ्यांचे वांब आणि धडधड यांमागे ते ३.२ पोटॅशियम असण्याची शक्यता मोठी होती. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिडही धरून ठेवतं. अंगठा ठणकला तो त्याचाच पुढचा भाग.

अ‍ॅम्लोडिपीनच्या सुजेवर खरा उतारा म्हणजे मात्रा कमी करणं, किंवा शिरांची बाजूही थोडी सैलावणारं औषध जोडीला देणं. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही गटांतली औषधं ते करतात. बाईंना टेल्मिसार्टन मिळाली खरी, पण तोवर सुजेची गोळी रोजची झाली होती, आणि रोजची झालेली गोळी कुणी बंद करत नाही.

खोकला

रॅमिप्रिलच्या खोकल्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण एक्स-रे आणि थुंकीच्या तपासण्यांत या घराचे पैसे आणि झोप दोन्ही गेली. सुनेने लहान मुलाला त्या दिवसांत आजीच्या खोलीत झोपू दिलं नव्हतं, टीबीच्या भीतीने.

या गटाचं मूळ ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापात आहे. तो चावला की माणसाचं प्रेशर कोसळू शकतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवलं की त्या विषात ब्रॅडिकायनिन या शरीरातल्या द्रव्याचा परिणाम वाढवणारा घटक आहे. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडचा काजू ब्राझीलहून आला, तसंच हेही तिथूनच आलेलं. ही औषधं एका एन्झाइमला अडवतात. ते एन्झाइम दोन कामं करतं : रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन बनवतं आणि ब्रॅडिकायनिन मोडून टाकतं. एन्झाइम अडलं की प्रेशर उतरतं, पण न मोडलेलं ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेत साठून घसा खवखवतो. कोरडा, रात्री जास्त, कफ नसलेला खोकला. तो पहिल्या आठवड्यात येऊ शकतो, तसा काही महिन्यांनीही. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधं एन्झाइमला हात लावत नाहीत, अँजिओटेन्सिन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतात. म्हणून त्यांत सहसा खोकला नाही. क्वचित रॅमिप्रिलने ओठ, जीभ सुजते. तेव्हा मात्र तासभरही थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं, आणि त्या गटाचं औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही.

जुलै आणि श्रावण

क्लोरथॅलिडोन जुलैमध्येच का वाढवावी लागली, हे मला वहीत सापडलं नाही. ते सुनेशी बोलताना सापडलं.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. घराघरांत मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरलेलं असतं : खारवलेले बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिस्कुट (कैरीचं लोणचं), पापड. जून-जुलैत बाईंच्या पानात रोज यातलं काहीतरी होतं. मिठाने प्रेशर चढतं. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात आणि प्रेशरच्या गोळ्यांचा परिणाम बोथट करतात. जुलैतल्या १५८ या आकड्यामागे ही दोन्ही होती, आणि उत्तर म्हणून आली आणखी एक लघवीची गोळी.

मग श्रावण लागला. या घरात श्रावण कडक पाळतात. सुकी मासळी बंद, सोमवारी उपास, जेवण हलकं, चहा-पाणी मात्र नेहमीएवढंच. मीठ एकदम कमी झालं, गोळ्या जुलैच्या मापाच्याच राहिल्या. क्लोरथॅलिडोनच्या गटाची औषधं मूत्रपिंडाची लघवी पातळ करण्याची ताकद कमी करतात. त्यामुळे प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. वय झालेल्या, अंगाने बारीक बायकांत हे जास्त दिसतं. जुलाब लागल्यावर बाईंनी शहाळ्याचं पाणी भरपूर घेतलं. शहाळ्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम भरपूर असतं. एरवी चांगलं. त्या दोन दिवसांत मात्र मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नव्हतं.

मूत्रपिंडाचं असं आहे : गाळणीला रक्त आणणारं एक दार, नेणारं एक दार. रक्त कमी पडलं की वरचं दार उघडं ठेवून आणि खालचं आवळून मूत्रपिंड गाळणीतला दाब सांभाळतं. डायक्लोफिनॅक वरचं दार उघडू देत नाही. टेल्मिसार्टन खालचं आवळू देत नाही. लघवीच्या गोळ्या आणि जुलाबांनी मुळात रक्तातलं पाणीच कमी केलेलं. तिन्ही एकत्र आली की क्रिएटिनिन चढायला दोन दिवस पुरतात. आणि मेटोप्रोलॉलने हृदयाला संथ बांधून ठेवलेलं, म्हणून पडतं प्रेशर सावरायला नाडी धावली नाही. एरवी हेच मेटोप्रोलॉल हृदयविकारानंतर किंवा हृदय कमजोर असताना फार मोलाचं औषध आहे. ते अ‍ॅड्रिनॅलिनचा हृदयावरचा जोर कमी करतं. थकवा, थंड हात-पाय, मंद नाडी हे त्याच जोर कमी होण्याचं दुसरं अंग.

गोळ्या कशा उतरवल्या

रुग्णालयात फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन, टेल्मिसार्टन, डायक्लोफिनॅक त्याच दिवशी थांबल्या. अ‍ॅम्लोडिपीनही काही दिवस थांबवली. सुनेचं म्हणणं होतं की सगळंच बंद करूया. मेटोप्रोलॉलच्या बाबतीत मी ठामपणे नाही म्हटलं. हे औषध बरेच दिवस घेतल्यावर हृदयाच्या पेशी अ‍ॅड्रिनॅलिनला जास्त संवेदनशील झालेल्या असतात. औषध एकदम काढलं तर नाडी आणि प्रेशर उसळतं, छातीत दुखूही शकतं. ५० ची २५ केली, दोन आठवड्यांनी साडेबारा, आणखी दोन आठवड्यांनी बंद.

पाचव्या दिवशी बाई घरी गेल्या : सोडियम १३१, क्रिएटिनिन १.३. पुढे प्रेशर हळूहळू चढणार हे माहीत होतं आणि दहा दिवसांत ते १५०/८८ झालं. त्यांचा आजार काही पळाला नव्हता. क्रिएटिनिन १.० झाल्यावर टेल्मिसार्टन ४० पुन्हा सुरू केली, दहा दिवसांनी पोटॅशियम पाहिलं, ४.६. मग अ‍ॅम्लोडिपीन ५. पायांची जुनी सूज जायला दोनेक आठवडे लागले होते, कारण अ‍ॅम्लोडिपीन अंगातून सावकाश जाते. ५ वर, टेल्मिसार्टनच्या जोडीने, ती तशी परतली नाही. युरिक अ‍ॅसिड औषधाशिवाय ६.१ वर आलं, अंगठा पुन्हा दुखला नाही, म्हणून डायक्लोफिनॅक नको आणि तिच्यासाठीची पित्ताची गोळीही नको. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनचा या साखळीशी संबंध नव्हता, ती चालू राहिली. सातच्या तीन झाल्या.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. बाईंच्या गोळ्या कमी झाल्याची बातमी वाड्यावर पसरली आणि शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्याही गोळ्या बंद केल्या. त्यांना चार महिन्यांपूर्वी स्टेंट घातलेला. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद. ही औषधं रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाहीत. नव्या स्टेंटवर गुठळी बसू नये म्हणूनच ती असतात, आणि बसली तर तो हृदयविकाराचा झटकाच. त्यांच्या मुलीला दुसऱ्या दिवशी कळलं, तिने लगेच फोन केला आणि गोळ्या सुरू झाल्या. बाईंच्या गोळ्या मी रक्त तपासत, आठवड्यामागून आठवडा, एकेक करून काढल्या होत्या. हे त्या गृहस्थांना त्यांच्या पडवीत बसून सांगून आले.

बाईंनी मला विचारलं होतं, झाडपाल्याचं औषध घेतलं असतं तर हे टळलं असतं का? मी त्यांना सर्पगंधेबद्दल सांगितलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्या मुळीचा प्रेशरवरचा परिणाम मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातलं रेसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली संदेशद्रव्यं रिकामी करतं, त्याने प्रेशर उतरतं. पण तीच द्रव्यं मेंदूतही असतात, म्हणून पुढे काही रुग्णांत सुस्ती आणि मोठ्या मात्रेवर उदासी दिसू लागली. वनस्पती असो की कारखान्यातली गोळी, काम करते म्हणजे कुठेतरी जोर लावते, आणि तो जोर ठरलेल्या जागेपुरता थांबत नाही. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

आता वहीत मागच्या पानावर माझ्या हाताने लिहिलेलं आहे : जुलाब, उलट्या, ताप यांत खाणं-पिणं सुटलं तर त्याच दिवशी फोन करायचा. तोवर टेल्मिसार्टन थांबवायची, ओआरएस घ्यायचं. वेदनाशामक फार्मसीतून परस्पर आणायचं नाही. दर सहा महिन्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. पुरुमेंत भरायच्या आधी, मे महिन्यात, एकदा येऊन जायचं.

यंदा त्या मे महिन्यात आल्या. घरचं प्रेशर, पाच मिनिटं बसून घेतलेलं, १३० ते १३६ वर ७६ ते ८२. गुरुवारचं भजन सुरू आहे. मी माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरवर एक नवा रकाना छापून घेतला आहे, तक्रार सुरू होण्याआधी कोणतं औषध नवं लागलं किंवा वाढलं. डाव्या घोट्याशी संध्याकाळी थोडी सूज बाईंना अजून येते. त्या पायाच्या शिरा जुन्याच फुगलेल्या आहेत. रात्री पायाखाली उशी घेतली की सकाळपर्यंत ती उतरते. तिच्यासाठी गोळी दिलेली नाही.